राजाधिराज : ब्रांकुसीची काष्ठशिल्पे आणि इंदूरचे न उभारलेले मंदिर

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाच्या संग्रहात ओक वृक्षाच्या लाकडात कोरलेले एक शिल्प आहे. उंची सुमारे तीन मीटर, म्हणजे दोन पुरुष एकावर एक उभे राहिले तर होईल त्याहून थोडी कमी. माथ्यावर दातेरी मुकुट, त्याखाली अंड्याच्या आकाराचे मस्तक, आणि खाली पिळदार वळशांचा खांब. लाकडातल्या जुन्या भेगा बुजविलेल्या नाहीत, त्या तशाच दिसतात. शिल्पाचे नाव 'राजाधिराज'. त्याचे आधीचे नाव होते 'बुद्धाचे चैतन्य'. ते कोरणारा कॉन्स्टंटिन ब्रांकुसी हा विसाव्या शतकातील शिल्पकलेला नवे वळण देणारा कलावंत. हे शिल्प न्यूयॉर्कला जावे म्हणून त्याने घडविले नव्हते. ते इंदूरला, महाराजा यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्या ध्यानमंदिरात उभे राहावे, असा त्याचा मानस होता. ते मंदिर कधीच बांधले गेले नाही.

माळव्यातील मराठी वाचकाला ही हकीकत ऐकून हळहळ वाटली तर नवल नाही. परंतु केवळ हळहळण्याने हाती काही लागत नाही. जे येणार होते ते नेमके काय होते, हे समजून घेतले तरच गमावले किती याचा अंदाज येतो. त्यासाठी ब्रांकुसीच्या लाकडाकडे वळले पाहिजे.

ब्रांकुसीचा जन्म १९ फेब्रुवारी १८७६ रोजी रुमानियातील ओल्तेनिया प्रांतात, कार्पेथियन पर्वताच्या पायथ्याशी वसलेल्या होबित्सा या खेड्यात झाला. घराणे शेतकऱ्याचे. त्या मुलुखात घर लाकडाचे, कुंपणाचा दरवाजा लाकडाचा, ओसरीचे खांब लाकडाचे, द्राक्षे पिळण्याचे यंत्र लाकडाचे, आणि थडग्यावरची खूणही लाकडाचीच. ओसरीच्या खांबांवर व दरवाजांच्या चौकटींवर दोरखंडाचा पीळ, करवतीचे दात, शंकरपाळ्याची नक्षी असे साधे भौमितिक आकार कोरण्याची तेथे पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. हा मुलगा लहान वयातच घर सोडून निघाला. पडेल ते काम करीत क्रायोवा शहरी पोहोचला. तेथील कला व हस्तव्यवसाय विद्यालयातून १८९८ साली बाहेर पडला. पुढे बुखारेस्टच्या कलाशाळेत १९०२ पर्यंत शिकला, आणि १९०४ साली, वाटेतला बराच प्रवास पायी करून, पॅरिसला आला.

पॅरिसमध्ये त्या काळी रोदँ याचे नाव दुमदुमत होते. १९०७ साली ब्रांकुसी त्याच्या कार्यशाळेत काही काळ राहिला आणि लवकरच बाहेर पडला. मोठ्या वृक्षाच्या छायेत दुसरे काही वाढत नाही, अशा आशयाचे त्याचे उद्गार प्रसिद्ध आहेत. मात्र या निघून जाण्यामागे केवळ स्वातंत्र्याची ओढ नव्हती, कामाच्या पद्धतीचाही प्रश्न होता. रोदँच्या कार्यशाळेत गुरू मातीत प्रतिमा घडवी, आणि मग मोजमापे घेऊन कारागीर तिची प्रत संगमरवरात उतरवीत. कल्पना एकाची, छिन्नी दुसऱ्याची. ब्रांकुसीने हा मार्ग सोडला. दगड असो वा लाकूड, त्यात थेट स्वतः कोरायचे, आणि कोरता कोरता ते द्रव्य काय सांगते ते ऐकायचे, ही त्याची रीत झाली. खेड्यातला सुतार याहून वेगळे काही करीत नाही.

लाकूड हे द्रव्य मोठे मानी आहे. मातीला हवा तो आकार देता येतो. लाकडाला आधीच एक दिशा असते. झाड ज्या दिशेने वाढले त्या दिशेने त्याचे तंतू धावतात. त्या दिशेने पटाशी सहज सरकते, आडवी मारली की लाकूड विरोध करते. शिवाय ते तोडल्यानंतरही हलायचे थांबत नाही. पावसाळ्यात जुन्या कपाटाचे दार अडते आणि उन्हाळ्यात सैल होते, हे प्रत्येक घराने पाहिलेले आहे. ओले खोड वाळू लागले की बाहेरचा भाग आधी आक्रसतो, गाभा मागे राहतो. वलयांच्या कडेने होणारे आकुंचन गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आकुंचनाच्या जवळजवळ दुप्पट असते. हा ताण सहन झाला नाही की खोडाला उभी चीर जाते. ब्रांकुसी पाडलेल्या इमारतींच्या जुन्या तुळयाही वापरीत असे. अशा तुळईने आपले आक्रसणे, फाटणे बहुतांशी उरकलेले असते. तिच्यावर खाचा असतात, खिळ्यांची भोके असतात, कुणा अनामिक सुताराची खूण असते. ब्रांकुसीने या खुणा पुष्कळदा झाकल्या नाहीत.

येथे त्याच्या एकूण कामातील एक फरक ध्यानात येतो. ब्राँझ आणि संगमरवर यांना तो इतकी घोटाई करी की, शेवटी हाताचा मागमूसही राहत नसे. त्याच्या पक्ष्यांच्या अंगावर आसपासची खोली आरशासारखी दिसते. लाकडाशी मात्र त्याचे वागणे निराळे. तेथे कुऱ्हाडीचा घाव दिसतो, करवतीची धार दिसते, तंतूंची रेषा दिसते. जणू ब्राँझमध्ये तो आपले खेडे विसरून वर जाऊ पाहतो आणि लाकडात पुन्हा घरी येतो.

१९१३-१४ च्या सुमारास त्याने लाकडात गांभीर्याने काम करण्यास आरंभ केला. फिलाडेल्फिया येथील संग्रहालयात त्याची 'उधळ्या पुत्र' ही ओकमधील कृती आहे. त्याच संग्रहालयात १९१४ ते १९१६ या काळातील त्याची एक कमान आणि एक बाक आहे. कमान खरोखरच दाराच्या चौकटीसारखी, बाक खरोखरच बसण्याच्या बाकासारखा. ही शिल्पे की घरातले सामान, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडतो. त्याच्या काष्ठशिल्पांचे मर्म याच प्रश्नात आहे.

मूर्तिकलेत दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे: एक मूर्ती, दुसरे तिचे आसन. मूर्ती कलावंताची, आसन सुताराचे वा पाथरवटाचे. पाहणाऱ्याची नजर मूर्तीवर खिळते, आसन दुर्लक्षित राहते. देवघरातही चौरंगाला नमस्कार कुणी करीत नाही. ब्रांकुसीने आपल्या पक्ष्यांसाठी व मस्तकांसाठी लाकडाची आसने स्वतः कोरली: चौकोनावर फुली, फुलीवर दंडगोल, त्यावर करवती दातांचा ठोकळा. ही आसने कोरता कोरता त्याच्या ध्यानात आले असावे की, वजन पेलणाऱ्या या आकारांत जे सामर्थ्य आहे ते वर ठेवलेल्या वस्तूपेक्षा उणे नाही. मग आसन आणि मूर्ती यांतील भेद त्याने हळूहळू मिटविला. चौरंगच देव झाला.

गुगेनहाइमच्या संग्रहातील 'आदम आणि ईव्ह' (१९२१) हे याचे उत्तम उदाहरण. ईव्ह वर, आदम खाली. ईव्ह ओकमध्ये, गोलाईने भरलेली; आदम चेस्टनटच्या लाकडात, टोकदार, दाबला गेलेला, मानेवर सारा भार घेतलेला. आदमाला शिल्प म्हणावे की ईव्हचे आसन म्हणावे? दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. मानवी संसारात भार वाहणारा आणि ज्याचा भार वाहिला जातो तो यांना वेगळे करता येत नाही, ही गोष्ट येथे एका शब्दावाचून सांगितली आहे.

'अनंत स्तंभ' या कृतीत ही कल्पना शेवटच्या टोकाला पोहोचली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात असलेला १९१८ सालचा ओकचा स्तंभ अवघा दोन मीटर उंच आहे. टोके कापलेले दोन पिरॅमिड पायथ्याला पायथा लावून जोडले म्हणजे एक मणी तयार होतो; असे मणी एकावर एक येतात. लाकूड मात्र अखंड. स्तंभाच्या दोन्ही टोकांना पूर्ण मणी नाही, अर्धा आहे. या अर्ध्या मण्यातच सारी किमया आहे. पूर्ण मणी ठेवला असता तर स्तंभ तेथे संपला असता. अर्धा ठेवल्यामुळे डोळा उरलेला अर्धा आपणच जोडतो, मग त्यावर आणखी एक, मग आणखी एक. खालीही तसेच, स्तंभ जमिनीवर उभा नसून जमिनीतून वर येत आहे असे भासते. या स्तंभावर काहीही ठेवलेले नाही. तो कोणाचे आसन नाही, आणि त्याला वेगळे आसनही नाही. आपल्याकडील देवळापुढची दीपमाळ पाहिलेल्या डोळ्याला असा स्तंभ सर्वस्वी परका वाटणार नाही, जरी त्याचे मूळ ओल्तेनियातील ओसरीच्या खांबांत असले तरी.

१९२० साली ब्रांकुसीने फ्रान्समधील वूलाँजी या गावी, छायाचित्रकार एडवर्ड स्टायकेन याच्या बागेत, सुमारे सात मीटर उंचीचा लाकडी स्तंभ उभारला. बागेच्या मालकाने ते घर सोडले तेव्हा, १९२७ साली, तो उतरवावा लागला. लाकडी स्तंभाच्या वाट्याला 'अनंत' हे नाव आले खरे, पण आयुष्य मिळाले सात वर्षांचे.

या कृतींना 'अमूर्त' म्हणण्याचा प्रघात आहे, आणि सोयीसाठी तो शब्द येथेही वापरता येईल. ब्रांकुसीला स्वतःला मात्र तो मान्य नव्हता. आपल्या कामाला अमूर्त म्हणणाऱ्यांवर तो चिडत असे. वस्तूचे बाह्य रूप म्हणजे वास्तव नव्हे, तिचे सार हेच वास्तव. तेव्हा जे सार दाखविते तेच खरे वास्तवदर्शी, असा त्याच्या म्हणण्याचा आशय होता. चेरीच्या लाकडातील १९२४ सालचा त्याचा 'कोंबडा' पाहावा. चोच नाही, तुरा नाही, पंख नाहीत. आहे ती गळ्याच्या जागी वर चढत जाणारी दातेरी कड. परंतु पहाटेची आरोळी टप्प्याटप्प्याने कशी चढते हे ज्याने ऐकले आहे, त्याला ती कड पाहताच ओळख पटते. कोंबड्याचे शरीर गाळून त्याचे आरवणे तेवढे लाकडात ठेवले आहे.

हे सार सर्वांना दिसतेच असे नाही. १९२६ साली त्याचा ब्राँझचा 'अवकाशातील पक्षी' अमेरिकेत पोहोचला तेव्हा तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी त्याला कलाकृती मानण्यास नकार दिला; स्वयंपाकघरातील व रुग्णालयातील साहित्याच्या वर्गात घालून ४० टक्के जकात आकारली. प्रकरण न्यायालयात गेले आणि नोव्हेंबर १९२८ मध्ये निकाल कलावंताच्या बाजूने लागला. पक्ष्यासारखे दिसत नसले तरी ते शिल्प आहे, हे कायद्याने मान्य केले.

याच 'अवकाशातील पक्ष्या'ने ब्रांकुसीची इंदूरशी गाठ घालून दिली. यशवंतराव होळकर यांचा जन्म १९०८ चा. शिक्षण इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डपर्यंत. १९२६ साली ते गादीवर आले आणि १९३० साली त्यांना पूर्ण अधिकार मिळाले. एकार्ट मुथेसियस या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून त्यांनी इंदूर येथे माणिक बाग हा राजवाडा नव्या शैलीत उभारून घेतला. फ्रेंच लेखक व संग्राहक आंरी-पिएर रोशे याच्या मध्यस्थीने त्यांचा ब्रांकुसीशी परिचय झाला. महाराजांनी ब्राँझचा पक्षी घेतला. त्यानंतर काळ्या आणि पांढऱ्या संगमरवरातील आणखी दोन घेतले. या तीन पक्ष्यांसाठी एक वास्तू हवी, या कल्पनेतून ध्यानमंदिराची योजना आकाराला आली. तिचा आराखडा वेळोवेळी बदलत गेला, पण गाभा असा होता: खिडक्या नसलेली लहानशी वास्तू, भूमिगत वाटेने प्रवेश, आत पाण्याचे कुंड, पक्षी, आणि छतातील झरोक्यातून उतरणारा प्रकाश. आत जाणाऱ्याने एकट्याने जावे, एकट्याने बसावे.

संगमरवर आणि ब्राँझ यांच्या या झळझळीत सभेत ओकचा तो भेगाळलेला 'राजाधिराज' उभा राहणार होता. मिलारेपा या तिबेटी योग्याच्या चरित्राचे ब्रांकुसीला मोठे वेड होते. 'बुद्धाचे चैतन्य' या पहिल्या नावामागे ही ओढ असणार. पण त्या बुद्धाला त्याने शरीर दिले ते आपल्या गावच्या लाकडी सामानाचे. मधले पिळदार वळसे पाहून द्राक्षे पिळण्याच्या यंत्राचा जाडजूड मळसूत्री दांडा आठवतो. पक्षी आकाशाकडे निघालेले, आणि हा राजा जमिनीवर पाय रोवून, आपले आसन आपणच झालेला. मंदिर झाले असते तर उड्डाण आणि भार या दोन गोष्टी एका छताखाली, एकाच कुंडाच्या काठी समोरासमोर आल्या असत्या. ब्रांकुसीच्या आयुष्यभराच्या कामाचे दोन ध्रुव तेथे एकत्र आले असते.

काळाचा योग असा की, त्याच सुमारास रुमानियातून त्याला दुसरे बोलावणे आले होते. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ त्याच्याच मुलुखातील तिर्गू जिऊ या गावी 'अनंत स्तंभ' उभारायचा होता. १९३७ साली त्याने मण्याचा नमुना लाकडात कोरला; त्यावरून बिडाचे मणी ओतले गेले आणि स्तेफान जॉर्जेस्कू-गोर्जान या अभियंत्याने ते पोलादी कण्यावर ओवले. उंची २९ मीटरांहून अधिक. पाडलेल्या लाकडी स्तंभाला अखेर टिकाऊ शरीर मिळाले. ते काम उभे करून ब्रांकुसी भारताकडे निघाला. १९३७ चे वर्ष संपून १९३८ उजाडण्याच्या संधिकाळात तो इंदूरला होता. त्याच १९३७ साली महाराणी संयोगिताराजे यांचे निधन झाले होते. योजना पुढे सरकली नाही. मंदिराचा दगडही न बसता साठीचा उंबरठा ओलांडलेला शिल्पकार परत फिरला. २७ ऑक्टोबर १९३८ रोजी तिर्गू जिऊच्या स्मारकाचा लोकार्पण सोहळा झाला. एकाच हिवाळ्याच्या आगेमागे त्याच्या पदरात एक उभे राहिलेले स्मारक आणि एक न उभारलेले मंदिर पडले.

पुढे सारेच पांगले. 'राजाधिराज' पॅरिसच्या कार्यशाळेतच राहिला आणि १९५६ साली गुगेनहाइमकडे गेला. पुढच्याच वर्षी, १६ मार्च १९५७ रोजी, ब्रांकुसीचा मृत्यू झाला. यशवंतराव होळकर १९६१ साली निवर्तले. काळा आणि पांढरा पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने विकत घेतले. ते कॅनबेराला गेले. ब्राँझचा पक्षी कॅलिफोर्नियातील पॅसाडेना येथील नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे. माणिक बागेतील सामानाचा १९८० साली मोनाको येथे लिलाव झाला. राजवाड्याच्या वास्तूत पुढे केंद्रीय उत्पादन शुल्क व सीमाशुल्क विभागाचे कार्यालय आले. ज्याच्या पक्ष्याला एका देशाच्या जकात खात्याने भांडे समजून अडविले, त्याच्या आश्रयदात्याच्या घरी दुसऱ्या देशाच्या जकात खात्याने बस्तान मांडावे, याला योगायोगाखेरीज दुसरे नाव नाही.

या हकीकतीत कोणा एकाला दोष देण्याचे कारण नाही. घरातील मृत्यू, बदलती मने आणि पाठोपाठ आलेले महायुद्ध यांपुढे एका लहानशा वास्तूचा टिकाव लागणे अवघडच होते. तरीही एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात तिर्गू जिऊ येथील ब्रांकुसीच्या शिल्पसमूहाची जागतिक वारशाच्या यादीत नोंद झाली. ते अधिवेशन भरले होते नवी दिल्लीत. ज्या देशात त्याच्या स्तंभाचा हा गौरव झाला, त्याच देशात त्याचे मंदिर व्हायचे राहून गेले होते, याची आठवण त्या वेळी किती जणांना झाली असेल?

शहरे आपल्या उभ्या वास्तूंची आठवण सहज ठेवतात, कारण त्या रोज दिसतात. न उभारलेल्या वास्तूंची आठवण पुस्तकांनाच ठेवावी लागते. शंभर वर्षे पुस्तके सांभाळणाऱ्या संस्थेपुढे ही हकीकत मांडण्याचे औचित्य एवढेच.

ग्रंथालयातील एखाद्या कलाविषयक ग्रंथात 'राजाधिराज'चे छायाचित्र कधी समोर आले, तर पाहणाऱ्याने मुकुटापासून आरंभ करू नये. तळापासून करावा. जमिनीला टेकलेला ओकचा ठोकळा, त्यावरील पीळ, मग मस्तक, आणि सर्वांत शेवटी मुकुट, अशा क्रमाने नजर वर न्यावी. खेड्यातला सुतार खांब याच क्रमाने पाहतो: आधी पाया, मग भार. तसे पाहिले म्हणजे ध्यानात येते की, या राजाला सिंहासन कोणी दिले नाही म्हणून तो उभा राहायचा थांबलेला नाही. इंदूरला त्याच्यासाठी जागा झाली नाही. उभे राहण्यापुरती जागा मात्र तो स्वतःच्या लाकडातच घेऊन आला होता.